साठ पैलवान आणि चार कागद

आमच्या रविराजच्या घरी जायचं म्हणजे आधी पाय पुसायचे, मग हात धुवायचे, मग ते कोरडे झालेत हे त्याला दाखवायचं. आणि एवढं सगळं करून जे बघायला गेलो ते बघायला मिळतच नाही. तो मोबाईल काढतो आणि फोटो दाखवतो. मी विचारते, "अरे, खरी कार्डं कुठायत?" तर म्हणतो, "आत आहेत ताई, सुरक्षित आहेत." आहेत हे तरी कशावरून, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्याने मला आतल्या पेटीचा फोटो दाखवला.

रविराज माझा धाकटा भाऊ. नाशिक रोडला राहतो आणि विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. दिवसभर जळालेली गोदामं, बुडालेल्या गाड्या नि भिजलेला माल बघून त्याची अशी खात्री झालीय की जगातली प्रत्येक वस्तू खराब व्हायला टपून बसलेली आहे. फ्रीजमधली कोथिंबीर सोडली तर त्याच्या घरात कशाचंही वय वाढत नाही. आणि या सगळ्या सांभाळण्याच्या मधोमध बसलेत आमचे साठ पैलवान.

मी लहान होते तेव्हा टीव्हीवर ते परदेशी पैलवान लागायचे, एकमेकांना लोखंडी खुर्चीने मारणारे. त्यांची कार्डं बबलगमच्या पुडीत निघायची. पुढे फोटो, मागे उंची, वजन, छाती, दंड आणि जिंकलेल्या कुस्त्या. एकाने "वजन" म्हणायचं, दोघांनी कार्डं उलटायची, ज्याचा पैलवान जड त्याने दुसऱ्याचं कार्ड खिशात घालायचं. आम्ही तेव्हा पंचवटीत राहायचो, भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीत. त्या गल्लीत मला हरवणारा पैदा झाला नव्हता. मला साठही जणांची वजनं पाठ होती. पाढे नव्हते. मी ओट्यावर बसून "छाती!" असं ओरडले की आई भाजीच्या गाळ्यावरून उठून यायची आणि धपाटा घालायची. "पोरीच्या जातीला शोभतं का गं हे?" मी धपाटा खायची आणि समोरच्याचं कार्ड घ्यायची. छातीत माझा पैलवान कधी हरला नाही.

साठावं कार्ड मी बंटीकडून जिंकलं. बंटी म्हणजे कोपऱ्यावरच्या पूजासाहित्याच्या दुकानातला, लई माजोरडा. एकतीस नंबरचं चमकीवालं कार्ड, सोनेरी मुखवट्याचा पैलवान, अख्ख्या पंचवटीत फक्त त्याच्याकडे होतं. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस खेळून मी ते काढून घेतलं. रविराज तेव्हा नऊ वर्षांचा. त्याचं काम काय? माझ्या मागे उभं राहायचं, जिंकलेली कार्डं धरायची आणि नाक पुसायचं. तेव्हा त्याच हाताने धरायचा बरं का, हातमोजे नव्हते.

मग माझं लग्न ठरलं. पिंपळगावकडचं घर, द्राक्षाचे बाग, स्वतःचं पॅकहाउस. मी बॅग भरताना कार्डांचा डबा आत ठेवला, तर आईने बाहेर काढला. "पैलवानांचे फोटो घेऊन सासरी जाणार काय गं? काय म्हणतील ती माणसं?" आणि डबा दिला रविराजकडे. मी वीस वर्षांची होते. तेव्हा मला पैलवानांची वजनं माहीत होती, पण आपलं म्हणणं किती जोरात मांडायचं ते माहीत नव्हतं. ते आता आलंय, म्हणून सांगते. ही कार्डं मी जिंकलेली आहेत. ती परत नकोत मला, त्यांचं मी काय लोणचं घालू? पण ती शुभांगीने जिंकली, एवढं एकदा कुणीतरी चारचौघांत म्हणावं. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

झालं उलटंच. पाच-सात वर्षांपूर्वी रविराजला कळलं की अशा जुन्या कार्डांना जगात मान आहे, अख्खा साठांचा संच तर कुणाकडेच सापडत नाही. झालं! डब्यातली कार्डं देव्हाऱ्यात गेली. आधी प्रत्येकाला मऊ प्लास्टिकची पिशवी, त्यावर कडक प्लास्टिकचं कव्हर, त्यावर चुंबकाने बंद होणारी डबी, आणि अशा साठ डब्या एका पेटीत. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या. पेटी लोखंडी कपाटात, कपाट एसीच्या खोलीत, खोलीला कुलूप. भिंतीवर हवेतली ओल दाखवणारं मीटर. ते पन्नासच्या वर गेलं की रविराजचा चेहरा उतरायचा. स्वयंपाकघराचं दार लावल्याशिवाय कुकर लावायचा नाही, उदबत्ती गॅलरीत. मेथीच्या भाजीची फोडणी तर घरातून हद्दपारच झाली.

स्नेहल, म्हणजे त्याची बायको, गरीब गाय. लोखंडी कपाट पैलवानांना दिलं म्हणून तिच्या साड्या पलंगाखालच्या सुटकेसमध्ये गेल्या. मागे एका दिवाळीला तिने लग्नाचा शालू काढला तर कसरीने जागोजागी खाल्लेला. ती शालू हातात धरून बसली होती. रविराज म्हणाला, "बघ, म्हणून मी सांगतो, वस्तू नीट ठेवायला हव्यात." मी तिथेच होते. माझ्या हातात फराळाचं ताट होतं म्हणून तो वाचला.

उन्हाळ्यात आई त्याच्याकडे राहायला गेली की हॉलमध्ये पंख्याखाली झोपायची आणि पैलवान एसीत. चड्डीवरची माणसं ती, त्यांना मेलं एसीचं काय कौतुक!

मग गेल्या वर्षी पेपरात बातमी आली. "नाशिकच्या तरुणाचा आगळा छंद." छत्तीस वर्षांचा तरुण! पांढरे हातमोजे घालून हा एकतीस नंबरचं कार्ड हातात धरून उभा. बातमीत त्याने कार्डं कशी जपली, किती कष्ट घेतले, घरच्यांनी कशी साथ दिली, सगळं होतं. घरच्यांनी! मी बातमी दोनदा वाचली, आमच्या ह्यांनाही वाचायला लावली. माझं नाव कुठेच नव्हतं. चार महिने मी त्याचा फोन उचलला नाही. राखीला गेले, राखी बांधली, पेढा त्याच्या तोंडात जरा जोरात कोंबला आणि परत आले.

यंदा एप्रिलमध्ये त्याच्या सोसायटीत वीज वरखाली झाली आणि एसीचा कॉम्प्रेसर जळला. बाहेर चाळीस डिग्री. मेकॅनिक म्हणाला, चार दिवस लागतील. आणि मेच्या दुसऱ्या रविवारी मुंबईत कार्डांचं मोठं प्रदर्शन, तिथे आमच्या साठ पैलवानांना स्वतंत्र टेबल मिळालेलं. त्याचा मला फोन आला. आवाज असा की मला वाटलं आईला काही झालं.

"ताई, तुमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जागा आहे का?"

"कुणासाठी?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

दोन तासांत आला. पेटी पुढच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. स्नेहल मागे.

आमच्या पॅकहाउसमध्ये पाऊल टाकलं आणि पोराला स्वर्ग दिसला. सगळ्या बायकांच्या हातात हातमोजे, डोक्यावर जाळीच्या टोप्या, तोंडाला मास्क. फरशी पुसलेली, दारावर तापमानाचा आकडा, कुणी कशाला उगाच हात लावत नाही. "ताई, असं पाहिजे सगळं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सासरचं त्याने कौतुक केलं, तेही फरशीचं.

टेबलावर मंगलाबाई पेट्या भरत होत्या. वीस वर्षं आमच्याकडे आहेत, डोळे मिटून घड हातात दिला तर किती ग्रॅमचा ते सांगतील. पेटी भरली की वरून एक कागद टाकायचा आणि प्लास्टिक बंद करायचं, असं चाललं होतं. रविराजने विचारलं, "मावशी, हा कागद कसला?"

"औषधाचा हाय दादा. गंधकाचा. ह्याच्यातून गॅस निघतो, मग बुरशी नाय धरत. जहाजात महिना महिना माल ताजा ऱ्हातो."

रविराजचे डोळे मोठे झाले. बुरशी नाही, महिनाभर ताजा, आणि परदेशात मान्यता असलेला कागद! एवढी वर्षं तो ओल शोषायच्या पुड्या घालत बसला होता आणि खरं औषध बहिणीच्या घरी पडून होतं. म्हणाला, "मला चार द्या."

मंगलाबाईंचा हात थांबला. "एका पेटीला एकच असतो दादा. जास्ती झाला का मणी पांढरे पडत्यात."

"मावशी, ही द्राक्षं नाहीत."

"ते बी खरंच," मंगलाबाई म्हणाल्या आणि चार कागद दिले. मालकिणीचा भाऊ, त्याला किती सांगायचं?

मी तिथेच उभी होते. मलाही माहीत होतं मणी पांढरे पडतात ते, दर सीझनला एखादी पेटी तशी निघतेच. मी म्हणाले, "रवी, एकदा आमच्या ह्यांना विचारून घे." म्हणाले, पण अगदी हळू म्हणाले. बातमीचा राग अजून होता पोटात. शहाणा आहे ना, करू दे, असं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पुढे त्याने आणखी अक्कल चालवली. औषध आतपर्यंत पोचलं पाहिजे म्हणून चुंबकाच्या साठ डब्या उघडल्या, कडक कव्हरं काढली, नुसत्या मऊ पिशव्यांतली कार्डं द्राक्षाच्या पेटीत उभी रचली. चार बाजूंना चार कागद. वरून प्लास्टिक बंद करून टेप मारली. कोल्ड रूममध्ये अगदी मागच्या रॅकवर पेटी ठेवली, आणि पेटीवर मार्करने लिहिलं, "द्राक्षे नाहीत".

एसी चार दिवसांत दुरुस्त झाला. पण रविराज पेटी न्यायला येईना. "तिथलं टेंपरेचर एकदम स्थिर आहे गं, प्रदर्शनापर्यंत राहू दे." रोज सकाळी मी त्याला दारावरच्या आकड्याचा फोटो पाठवायचा. तीन आठवडे मी पाठवला. उत्तरात नुसता अंगठा यायचा. सीझनचा माल, कंटेनर, बायकांची हजेरी, हे सगळं सांभाळून मी पैलवानांचा ताप मोजत होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात तो पेटी घ्यायला आला. शेवटचा कंटेनर भरायचा होता, म्हणून आम्ही सगळे पॅकहाउसमध्येच होतो. त्याने हातमोजे घातले, टेप कापली, प्लास्टिक बाजूला केलं, आणि भसकन असा वास आला की आमच्या डोळ्यांतून पाणी आलं. माचिसच्या शंभर काड्या नाकाखाली पेटवाव्यात तसा. गरम खोलीतनं थंडीत गेलेली पेटी, आत पाणी सुटलेलं, कागद भिजलेले, आणि भिजला की तो कागद सगळा गॅस सोडून मोकळा होतो. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे.

रविराजने पहिलं कार्ड काढलं. मग दुसरं. मग भराभर काढायला लागला. पैलवान पांढरे पडले होते. लाल चड्ड्या फिक्कट गुलाबी, अंगं पांढुरकी, चेहरे पुसल्यासारखे. कडा लाटेसारख्या वाकलेल्या. एकतीस नंबरचा सोनेरी मुखवटा काळा ठिक्कर. मागचे आकडे तेवढे शाबूत, उंची, वजन, छाती.

मंगलाबाई जवळ आल्या. एक कार्ड उचलून उजेडात धरलं, नीट बघितलं आणि वीस वर्षांच्या सवयीने बोलून गेल्या, "हे काय आता एक्स्पोर्टला जात नाय. लोकलला जाईल."

मी हसले. मला आवरलंच नाही. इतकी वर्षं हातमोजे, मीटर, कुकरची शिट्टी, स्नेहलचा शालू, आणि शेवटी माल लोकलला! रविराजने माझ्याकडे बघितलं. पेटी तशीच उचलली, गाडीत ठेवली आणि गेला. सीटबेल्ट लावायचा राहिला.

घरी आमच्या ह्यांना सांगताना मी पुन्हा हसले. पण ताट अर्धंच ठेवून उठले.

दोन दिवसांनी पॅकहाउसमध्ये साफसफाई चालली होती, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. एक मुलगी बोलत होती.

"शुभांगी मॅडम ना? मी आभा, मुंबईहून. प्रदर्शनाचं काम बघते. तुमच्या टेबलाचा बोर्ड छापायचाय, त्यासाठी तुमचा फोटो हवा होता. रविराज सर फोन उचलत नाहीयेत, म्हणून फॉर्मवरच्या तुमच्या नंबरवर केला."

"माझा फोटो कशाला?" मी म्हणाले. "कार्डं त्याची आहेत."

"नाही मॅडम, फॉर्मवर तर..." तिने कागद चाळल्याचा आवाज आला. "संग्राहक, शुभांगी पिंगळे. सांभाळ, रविराज पिंगळे. आणि प्रत्येक कार्डाची माहिती सरांनी काय मस्त लिहिलीय! हे ऐका. क्रमांक सात, ताईने 'वजन' म्हणून जिंकलं, आषाढात, शाळा सुटल्यावर. क्रमांक बावीस, ताईने जिंकलं, त्यावरून आईचा मार खाल्ला. क्रमांक एकतीस, ताईने बंटीकडून जिंकलं, दिवाळीची सुट्टी, पाचवा दिवस, 'छाती'. साठही कार्डांचं आहे मॅडम. आम्ही सगळ्यांनी ऑफिसात वाचलं. फक्त एक विचारायचं होतं, आडनाव माहेरचंच ठेवायचं ना?"

मी पाण्याच्या पिंपावर बसले. मंगलाबाई पाइप टाकून धावत आल्या, "काय झालं वहिनी?" मी रडत होते. सगळ्या बायका झाडू धरून बघत उभ्या राहिल्या. रडत रडतच मी त्या मुलीला म्हणाले, "पिंगळेच ठेव. तेव्हा पिंगळेच होते मी."

तशीच गाडी काढली आणि नाशिक रोड गाठलं. स्नेहलने दार उघडलं. म्हणाली, "ताई, दोन दिवस झाले, खोलीतून बाहेर येत नाहीत. ऑफिसलाही गेले नाहीत."

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. एसी बंद. रविराज फरशीवर बसला होता आणि समोर साठ पैलवान ओळीने वाळत घातलेले.

"मेल्या," मी म्हणाले, "माझं नाव घातलंस आणि मला सांगितलं नाहीस?"

त्याने वर बघितलं. "तुला तिथे नेऊन दाखवणार होतो. बोर्ड बघितल्यावर तुझं तोंड बघायचं होतं मला."

"आणि पेपरात? तिथे का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं गं. अर्धा तास तुझंच सांगत होतो. त्याने छापलं नाही."

"मग फोन करून सांगायचंस की!"

"तू उचललास का?"

मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त माझा. मंगलाबाईंनी सांगितलं तेव्हा मी हळू बोलले होते. ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडणारी मी, आणि माझ्याच कार्डांच्या वेळी हळू बोलले. ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी ऐकलं असतं असं वाटतं का तुला?" नसतं ऐकलं. पण मी बोलायला हवं होतं.

एका कार्डाची वाकलेली कडा दाबत तो म्हणाला, "आभाला फोन करून नाही सांगतो. टेबल दुसऱ्या कुणाला देतील."

"नाही कशाला? जायचं."

"हे घेऊन? ताई, तिथे जाणकार लोक येतात. हसतील."

"हसू देत. मीसुद्धा हसले. जिंकली मी, खराब तू केलीस, दोन्ही लिहू बोर्डावर. आणि ऊठ आता, माझा फोटो काढ, त्या पोरीला पाठवायचाय."

तो उठला. दोन दिवसांची दाढी, पायाला मुंग्या आलेल्या, भिंत धरून उभा राहिला. स्नेहल दारातून म्हणाली, "ताई, थांबा, तोंड तरी धुवा. केस नीट करा." मी म्हटलं, काढ आधी, नंतर माझा विचार बदलेल. त्याने काढला. डोळे लाल, नाक सुजलेलं, आणि डोक्यावर पॅकहाउसची जाळीची टोपी. अख्ख्या रस्त्यात ती काढायची मला आठवण झाली नव्हती. मुंबईला बोर्डावर तोच फोटो लागला, आणि खाली हाताएवढ्या अक्षरांत माझं नाव.